कण्हणारा डबा

या, बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय आत्ताच चिकटवलाय. बसाल आणि मग मलाच शिव्या द्याल. इकडे कोचावर टेका. तुमची गादी व्हायला अजून थोडा वेळ आहे. आणि हां, त्या डब्यात बोट घालू नका. वरून मखमल दिसते, पण आत सगळे बारीक खिळे आहेत.

बघताय ना कसा आहे? पत्र्याला तांब्याचा रंग, झाकणावर गोल गोल नक्षी. येणारा प्रत्येक जण विचारतो, खिळे ठेवायला एवढा थाट कशाला? म्हटलं, बसलाच आहात तर ती गोष्टच सांगतो. तोंडात खिळे धरून बोलायची मला सवय आहे, एखादा शब्द बोबडा आला तर समजून घ्या. शाळा मी लवकर सोडली, पण जे डोळ्यांनी बघितलं ते मला धड सांगता येतं.

ते समोर कोपऱ्यावर मोबाईलचं दुकान दिसतंय? त्या दिवसांत तिथे ही गर्दी! लोक काचेला नाकं लावून आत बघायचे. माझ्या दारात वाळत ठेवलेली स्टुलं उचलून न्यायचे आणि त्यांच्यावर उभे राहायचे. आत खुर्चीवर बसलेले असायचे सिग्नलबुवा. करड्या रंगाचा स्वच्छ शर्ट, गळ्यात कानाला लावायचे मोठे हेडफोन, पण त्यांची वायर कुठेच जोडलेली नाही. नुसती लोंबतेय. बोटात सुपारीएवढी अंगठी.

एकेक माणूस फोन घेऊन पुढे व्हायचा. बुवा फोनवरून अंगठीचा हात फिरवायचे आणि म्हणायचे, "झोप बाळा." आणि खरंच सांगतो, फोन झोपायचा! पडदा काळाठिक्कर. हात उचलून म्हणायचे, "ऊठ." की लगेच उजेड. कुणी बटण दाबलेलं नाही, काही नाही. सगळं दुकान एका सुरात "आऽऽ" करायचं. मीसुद्धा केलं एकदा, खोटं कशाला बोलू.

आता फोन झोपवायची पाळी का आली, ते सांगतो. त्या वर्षी एका कंपनीने आपला सगळ्यात भारी फोन काढला. जाहिरातीत तो पाण्यात पडायचा, खडकावर आपटायचा, चंद्राचे फोटो काढायचा. आमच्या रस्त्यावर बघता बघता निम्म्या खिशांत तोच. काही दिवस राजासारखा चालला. मग कंपनीने एक अपडेट पाठवला, लोकांनी तो घेतला आणि फोनच्या अंगात आलं. दुसरा शब्द नाही त्याला. हात न लावता पडदा सरकायचा. कॅमेरा आपला आपण उघडून जमिनीचे फोटो काढायचा. रिंग वाजायची आणि उचलावं तर पलीकडे कुणीच नाही.

आमच्या पेन्शनरकाकांचा फोन शोकसभेत पेटला. म्हणजे आग नाही, टॉर्च. काका दोन शब्द बोलायला उभे राहिलेत, सगळ्यांच्या माना खाली आणि यांच्या पँटच्या खिशातून झगझगीत उजेड. हसावं की रडावं ते कुणाला कळेना.

आणि आमची आक्का! माझी थोरली बहीण, या दुकानाच्या वरच राहते. परगावच्या मुलाने हौसेनं तिला तो फोन घेऊन दिला. नुसता बोलायला नाही, बरं का. आक्काला साखरेचा आजार. अंगातली साखर कधी चढते, कधी धाडकन उतरते, आणि उतरली की तिचं तिला कळत नाही. म्हणून तिच्या दंडावर बटणाएवढी एक चकती चिकटवलेली असते. चकती साखर बघते आणि वायरबियर काही नसताना फोनला कळवते. साखर घसरली की फोन भोंगा वाजवतो. आक्का चमचाभर साखर तोंडात टाकते, झालं. असा तो फोन म्हणजे तिचा राखणदार.

तो राखणदारच बिघडला. साखर ठीक असताना भोंगा. आंघोळीत भोंगा, झोपेत भोंगा. एकदा आक्का माझ्याजवळ बसून आपल्या विहीणबाईंबद्दल मनातलं बोलत होती, चांगलं मीठमसाला लावून. टेबलावरच्या फोनने मधल्या मध्ये विहीणबाईंनाच फोन लावला. आक्काचं बोलून झाल्यावर फोनमधून आवाज आला, "संपलं का अजून आहे?"

त्या दिवशी आक्काने फोन उशीखाली कोंबला आणि उशीवर बसली.

मुलाला सांगितलं तर तो म्हणे, "आई, तुझं बोट कुठेतरी लागत असेल. बंद करून चालू कर." मोबाईलवाला म्हणे, "आक्का, एवढा महाग फोन असा करणारच नाही. वयाप्रमाणे हात थरथरतो." माझी बायकोसुद्धा म्हणाली, "वन्सं, तुम्ही फार जोरात दाबता." जो तो हिलाच बोल लावायचा. बिचारी बोट लावायलाही घाबरायला लागली.

अशात मोबाईलवाल्याने बुवांना आणून बसवलं. त्याचंही बरोबरच. रोज गिऱ्हाइकं गळा धरायला येत होती. बुवा बसल्यापासून तीच गिऱ्हाइकं हात जोडायला लागली.

आक्का फोन घेऊन गेली तेव्हा मी बरोबर होतो. बुवांनी फोन दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले. फोन विझला, थरथरला आणि परत उजळला. "पुनर्जन्म झाला," बुवा म्हणाले. मग आक्काकडे बघून अगदी मऊ आवाजात बोलले, "माई, तुमची काही चूक नाही."

झालं. आक्काच्या डोळ्यांत पाणी. इतक्या दिवसांत एवढं एकच वाक्य तिला ऐकायचं होतं आणि ते म्हणायची बुद्धी आम्हा घरच्यांना झाली नाही. परक्याला झाली.

"याच्यात पिडा शिरलीय," बुवा पुढे म्हणाले. "अपडेटच्या दारातून आली. आता परत अपडेट मागेल, लाल ठिपका दाखवेल, लालूच लावेल. दाबायचं नाही! दार उघडलंत की तिचे भाऊबंद आत. रोज जेवताना, झोपताना फोन या डब्यात ठेवायचा. आतून कण्हल्यासारखा आवाज येईल. तो फोनचा नाही, पिडेचा. कळवळून कण्हेल, पण उघडायचं नाही. उघडलंत की मेहनत वाया."

डबा अर्थातच फुकट नव्हता.

पेन्शनरकाकांनीही घेतला. त्यांची मुलगी दूरगावी, दिवस भरत आलेले. रिंग वाजली की काकांचा जीव गळ्याशी यायचा आणि उचलावं तर नुसती खरखर. दिवसरात्र डब्यातच ठेवला आणि काका शांत झाले. सगळ्यांना सांगत सुटले, "गुण आला हो, एक रिंग नाही!"

मध्ये एकदा बुवा माझ्याकडे आले. नव्या डब्यांनाही आतून जाड स्पंज आणि मखमल लावून हवी होती. म्हणाले, "तुमच्या हाताला पुण्य लागेल."

मी म्हटलं, "बुवा, सडक्या लाकडावर मखमल चढवून घेणारे माझ्याकडे पुष्कळ येतात. आत काय आहे ते बघितल्याशिवाय मी कापड कापत नाही."

त्यांनी तिडकीने टेबलावर हात आपटला. आणि गंमत बघा, हात उचलला तर माझे बारीक खिळे त्यांच्या अंगठीला लोंबताहेत! मधमाश्यांसारखे. बुवांनी हात झटकला, खिळे काही सुटेनात. शेवटी मीच एकेक उपटून काढला. अंगठीत लोहचुंबक आहे हे कळलं, पण त्याचं फोनशी काय नातं, ते माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. मखमल त्यांनी दुसरीकडून लावून घेतली.

आता मुख्य गोष्ट ऐका. दुपारची वेळ होती. आक्काची खुर्ची दुरुस्त करून मी वर घेऊन गेलो. दार नुसतं लोटलेलं. आक्का पलंगावर बसलेली, घामाने पदर चिंब. माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "दादा, शाळा सुटली?"

अहो, मी तिचा धाकटा. मला वाटलं थट्टा करतेय. म्हटलं, "आक्का, काय चाललंय?" तर ती आपली हवेत हात फिरवून काहीतरी शोधतेय.

आणि तेवढ्यात आवाज आला. फळीवरून. ऊंऽऽ... ऊंऽऽ... कुणीतरी तोंडात बोळा कोंबल्यावर कण्हावं तसा.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मग वाटलं, थांब गड्या, हे कण्हणं फारच शिस्तीचं आहे. ठरल्या ठेक्यात येतं, थांबतं, परत येतं. दुखणारं माणूस असं घड्याळ लावून कण्हत नाही. पण डब्याकडे बघायला तेव्हा वेळ कुठे? मी जिन्यातून बायकोला अशी हाक मारली की पलीकडच्या दवाखान्यातून डॉक्टरीणबाई स्वतःच धावत आल्या.

बाई वयाने लहान, पण तोंडाने फटकळ. एका नजरेत ओळखलं. "साखर उतरलीय. घोट गिळता येतोय का, आक्का? हं, शाब्बास." साखरेचं पाणी थोडं थोडं पाजलं. मी नुसता आक्काचा हात धरून बसलो होतो. हळूहळू तिचा चेहरा जागेवर आला. मला ओळखलं. म्हणाली, "धाकट्या, रडतोस काय असा?"

तेव्हा मला कळलं, मी रडतोय.

"फोन कुठाय तुमचा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "भोंगा वाजला नाही?"

फळीवर परत ऊंऽऽ झालं. बाई उठल्या. आक्का ओरडली, "उघडू नका! पिडा आहे आत!"

बाईंनी झाकण काढलं. आणि तो भोंगा असा कानात शिरला की विचारू नका. इतका वेळ स्पंजात आणि मखमलीत गुदमरलेला आवाज मोकळा झाला. पडदाभर लाल अक्षरं.

बाई पलंगावर आक्काशेजारी बसल्या. म्हणाल्या, "आक्का, चकती काय सांगते ते पत्र्यातून फोनपर्यंत पोचत नाही. डबा बंद झाला की फोन बहिरा. त्याला एवढंच कळलं की चकती बोलायची थांबली. म्हणून तो ओरडत होता, मला ऐकू येत नाही, मला बाहेर काढा."

"म्हणजे ते कण्हणं..."

"तुम्हालाच हाक मारत होता."

आक्काने फोन मांडीवर घेतला. मग हळूच म्हणाली, "मी त्याला गप्प बस म्हटलं गं."

माझं डोकं तापलं. हातोडी घेऊन निघालोच होतो, बुवाला आता बघतोच. बाईंनी दंड धरला. "गादीवाले, मारलंत तर तो लगेच हुतात्मा होईल. आणि मी नुसतं सांगितलं तर म्हणतील, डॉक्टरणीचं पोट दुखतंय. लोकांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे." मी बाईंना ते अंगठीचं आणि खिळ्यांचं सांगितलं. बाईंचे डोळे चमकले. "हातोडी घ्या मग. पण मारायला नाही. तुमची ती हातोडी खिळे उचलते ना?"

उचलते की. आमच्या हातोडीचं एक तोंड लोहचुंबकाचं असतं. बारीक खिळा बोटांत धरवत नाही, तो हातोडीच धरते.

दुसऱ्या संध्याकाळी, दुकान गच्च भरलेलं असताना, आम्ही गेलो. आक्का पुढे, डबा हातात. काका खुर्चीवर होतेच, मांडीवर आपला डबा घेऊन.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बुवा, माझ्याकडेही हाच फोन आहे. माझाही असाच पिसाळायचा. एकदा रोग्याला तपासताना त्याने गाणं लावलं, तेही लग्नाचं. पण मला वाटतं, आमच्या गादीवाल्यांच्या अंगातही थोडी शक्ती आहे."

लोक हसले. मी हातोडी पुढे केली, घसा खाकरला आणि बाईंच्या फोनवरून फिरवत म्हटलं, "झोप बाळा."

पडदा काळा!

"ऊठ," म्हटलं. हातोडी उचलली. उजेड!

काय सांगू तुम्हाला, आयुष्यात एवढ्या टाळ्या मला कधी पडल्या नाहीत. बाईंनी माझी हातोडी बुवांच्या अंगठीजवळ नेली. खट्! चिकटली. बुवा हात मागे घेतात, तर हातोडी बरोबर जातेय आणि हातोडीमागून मी.

"या फोनला झाकणाचं कव्हर मिळतं," बाई म्हणाल्या. "झाकणात लोहचुंबक असतं. ते जवळ आलं की फोन समजतो, झाकण मिटलं, आता झोपावं. अंगठी आणली काय आणि हातोडी आणली काय, त्याला झाकणच वाटतं."

मोबाईलवाला छताकडे बघायला लागला. त्याच्याच कपाटात ती कव्हरं टांगलेली होती.

"आणि पुनर्जन्म?" काकांनी विचारलं.

बाईंनी फोन दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले आणि गंभीरपणे पुटपुटल्या, "सकाळी एक, संध्याकाळी एक, जेवणानंतर, भरपूर पाणी प्यावे." फोन विझला, थरथरला, उजळला. मग त्यांनी बोटं दाखवली. कडेची दोन बटणं दाबून धरलेली. "बंद करून चालू केला, बस. तेवढ्यापुरता बरा वाटतो. पण रोग आतला आहे, परत येतो. आणि परत आला की बुवा म्हणतात, तुम्ही डबा उघडलात."

बुवा उठले. "बाई, मशीनच्या पलीकडेही काही आहे. हे डबे मी स्वतः सिद्ध केलेत. पिडा आत बांधली जाते. अनुभव विचारा या काकांना!"

"खरंच," काका म्हणाले, "एक रिंग नाही आली मला."

आक्का तेव्हा पुढे झाली. पिशवीतून आमचा घरचा बिस्किटांचा डबा काढला, पत्र्याचा, कोपरा चेपलेला. मोबाईलवाल्याला म्हणाली, "दे रे तुझा फोन." तो त्यात टाकला, झाकण घट्ट दाबलं आणि बाईंना म्हणाली, "लावा याला." बाईंनी नंबर लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकवला. फोन संपर्काच्या बाहेर आहे.

"हा डबा कुणी सिद्ध केला?" आक्काने विचारलं. "आम्ही तर नुसती बिस्किटं खाल्ली."

दुकान हसून हसून आडवं झालं. पण काका हसले नाहीत. ते आपल्या मांडीवरच्या डब्याकडे बघत होते. चेहरा उतरत चालला होता. "म्हणजे... खोटी रिंग येत नव्हती, तशी..."

"खरीही येत नव्हती, काका," बाई हळूच म्हणाल्या.

काकांना झाकण निघेना, शेवटी मीच काढलं. जरा वेळ काही नाही. मग फोन जो टिंगटिंग करायला लागला तो थांबेचना. जावई, जावई, विहीण, जावई. काकांनी डोळ्यांजवळ धरला, चष्मा सापडेना, म्हणून फोन आक्काच्या हातात दिला. आक्काने वाचलं आणि मोठ्यांदा म्हणाली, "काका, नात झाली! दोघीही ठणठणीत! आणि जावई विचारताहेत, बाबा रागावलेत का, फोन का उचलत नाहीत?"

काका तिथेच खुर्चीत बसून ओक्साबोक्शी रडले. मग हसले. मग जावयाला फोन लावायला गेले, तर फोनने आपला आपण टॉर्च लावला.

या सगळ्या गडबडीत बुवा दाराकडे सरकत होते. आक्काने हटकलं, "बुवा, एक राहिलं. तुमचा स्वतःचा फोन दाखवा की."

हो नाही करत खिशातून निघाला. जुना, बटणांचा, रबर बांधलेला.

"यावर पिडा बसत नाही," बुवा पुटपुटले.

"त्यावर अपडेटही येत नाही," बाई म्हणाल्या. मग लोकांकडे वळल्या. "पिडाबिडा काही नाही. फोन चालवायचा हुकूम कंपनीत माणसंच लिहितात आणि घाईत त्यांच्याकडून गडबड होते. ती त्यांनी कबूल केलीय, दुरुस्तीही पाठवलीय. तो लाल ठिपका म्हणजे तीच दुरुस्ती. बुवा तीच दाबू नका म्हणत होते, कारण ती दाबली की यांची खुर्ची उठते. आणि आक्का, यांनी तुम्हाला एक गोष्ट मात्र खरी सांगितली. तुमची चूक नव्हती. ते आम्ही सगळ्यांनी आधीच सांगायला पाहिजे होतं."

बुवा गेले. जाताना म्हणाले, "या माईंचे तरंग फार कडक आहेत." आक्का म्हणाली, "कडक कुठले? काल तर पार उतरले होते."

ती संध्याकाळ मोबाईलवाल्याने खाली मान घालून एकेकाचा लाल ठिपका दाबण्यात घालवली. फोन सुधारले. अगदी शहाणे झाले असं नाही, अजून एखादे वेळी काकांचा खिसा उजळतो. पण आक्काचा भोंगा आता वाजायचा तेव्हाच वाजतो. तिच्या मुलाला मी फोनवर चार गोष्टी ऐकवल्या. आता तो "बंद करून चालू कर" म्हणायच्या आधी "काय होतंय, आई?" असं विचारतो. डॉक्टरीणबाईंनी तिला सांगून ठेवलंय, घाम फुटला, हात कापले तर भोंग्याची वाट बघायची नाही. मशीन चुकू शकतं. आपणही चुकू शकतो. म्हणून दोघांनी एकमेकांवर नजर ठेवायची.

लोकांनी डबे माझ्याकडे आणून टाकले. त्यातलाच हा. मखमल चांगल्या प्रतीची आहे, बुवांना मानलं पाहिजे.

हं, झाली तुमची गादी. बसून बघा. ठीक? आता माझं एक काम करा. घरी जाल तेव्हा जरा कपाटं, फळ्या बघा. कुणीतरी, कधीतरी, "आतून आवाज आला तरी उघडू नका" म्हणून दिलेली एखादी वस्तू सापडली, तर पहिल्यांदा ती उघडा. आत काय आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि रिकामा डबा मला आणून द्या. मधल्या मापाचे खिळे अजून कागदातच पडलेत.